रोवणीच्या आठवड्याचं रांधण

जुलै लागला की आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाची जत्रा भरते. खिडकीपुढे पोरं, पोरांच्या मागे त्यांचे बाप, बापांच्या हातात पावसानं ओले झालेले दाखले, आणि आत कुरकुरणाऱ्या पंख्याखाली मी. त्या आठवड्यात घरी परतल्यावर कढई हातात धरायची ताकद माझ्यात उरत नाही, हे आता मला पक्कं ठाऊक झालंय. म्हणून आदल्या रविवारी मी कंबर कसते. कांदा-टमाट्याचं वाटण डब्यात, उकडलेले आलू डब्यात, घट्ट वरण डब्यात, कणीक मळून डब्यात. फ्रिज उघडला की डबेच डबे. आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, "मॅडम, आज बुधवार खायचा की गुरुवार?" आणि लेक खिदळते. हसा बापहो, हसा. संध्याकाळी मी पर्स फेकून सोफ्यावर आडवी होते तेव्हा तोच बुधवार तुमच्या ताटात येतो, आणि तुम्ही तो बोटं चाटून खाता.

पण खरं सांगते, डबे भरताना दरवर्षी माझा जीव कशात तरी अडकतो. या अन्नाला वासच नसतो. झाकण लावलं, फ्रिजात ठेवलं, विषय संपला. शेजारणीला पत्ता लागत नाही की मी आज दिवसभर राबले. मी जिथं वाढले तिथं आठवड्याचं रांधण असं गुपचूप होत नसे. रोवणीच्या आधी, म्हणजे धानाची रोपं बांधीत, चिखलाच्या भातखाचरात, लावायच्या आधी, ज्या घरात रांधण चालू असे ते घर डोळे मिटून सापडायचं. रस्त्यावरून जाणारा माणूस नाक वर करून म्हणायचा, "अच्छा, उद्यापासून यांची रोवणी दिसते."

यंदाच्या त्या रविवारीही मी अशीच डब्यांच्या पसाऱ्यात उभी होते. मायचा फोन आला.

"काय करून राहिली वं?"

"रांधून राहिली. आठवड्याचं."

"आठवड्याचं? काहून, तुह्या घरी रोवणी हाय काय?" आणि स्वतःच हसली. मग आवाज एकदम खाली आणून, शेजारी कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "आपल्या घरी हाय. भावानं कोंढ्याच्या शिवारात ठेक्यानं बांधी घेतली. शनवारी रोवणी लागते. तू सुट्टी काढून ये. येवढं रांधण मले एकटीले नाही होत आता."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. 'आपल्या घरी रोवणी' हे शब्द मायच्या तोंडून मी गाव सुटल्यापासून ऐकले नव्हते. गोसीखुर्द धरणाचं पाणी आमच्या शेतावरून गेलं, आम्ही पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात आलो, भावानं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, माझं लग्न झालं, बाबा गेले. एवढ्या वर्षांत मायच्या घरात तांदूळ आला तो दुकानातून, पोत्यात शिवलेला.

"माय, तुझे गुडघे?"

"गुडघ्याचं काय घेऊन बसली? एक डाव, बस एक डाव, माह्या हातानं रोवणी जेवू घालीन. मंग पाय राहो नाही तर जावो."

तिचा फोन ठेवते न ठेवते तोच भावाचा. "ताई, तू तरी समजाव तिले. रोवणी मी गुत्त्यानं देली हाय, ठोक. बाया टेम्पोनं येतात, आपापला डबा आणतात, रोवतात, चालल्या जातात. आता कोणी कोणाच्या घरचं खात नाही. दोन दिवसांत बांधी होते, आन् ही आठवड्याचं रांधाले बसली."

"मग सांग ना तिला तसं."

"सांगतलं. 'पाहू' म्हणते."

मायचं 'पाहू' म्हणजे ठरलं. बाबांनाही हे कळायला निम्मा संसार लागला होता. भावानं पण सुस्कारा सोडून फोन ठेवला.

जुन्या गावात आमचं घर नदीकडच्या टोकाला होतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर वर आली की मायच्या चालण्यात फरक पडायचा. एरवी पाय ओढत चालणारी माय घरात धावायला लागायची. आमच्या मोहल्ल्यात रोवणी पाळीपाळीनं व्हायची. आज आमच्या बांधीत सगळ्या बाया, मग त्याच बाया शेजारणीच्या बांधीत, आणि ज्याची बांधी त्याच्या घरचं जेवण, अशी रीत. पण घरवालीही दिवसभर चिखलात वाकलेली. मग रांधणार कधी? म्हणून टिकेल ते सगळं आधीच करून ठेवायचं. माय सगळ्यांच्या आधी चिखलातून निघायची, घरी येऊन भात तेवढा उतरवायची, आणि बाकीचं शिंक्यावरून काढून टोपलीत घालायची.

काय काय असायचं त्या शिंक्यावर! उन्हाळ्यात वांग्याच्या फोडी करून छपरावर वाळवलेल्या असत, आम्ही त्यांना खुला म्हणतो. त्या चामड्यासारख्या दिसणाऱ्या खुला पाण्यात पडल्या आणि तेल-मिरचीत परतल्या की ताज्या वांग्याला विचारायची सोय राहत नसे. लाखोळीच्या डाळीच्या वड्या. जवसाची चटणी. गूळ घातलेलं आंब्याचं रायतं, जे बरणीतून काढताना माय मला पाठ करून उभं करायची, कारण माझं बोट तिच्या चमच्याच्या आधी बरणीत जायचं. आणि सुकसी. वैनगंगेतली बारीक मासळी, वाळवलेली. माय ती तव्यावर कोरडी भाजायची, मग लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटायची. बाहेर पाऊस छपराच्या कवेलूंवर तडतडायचा, आत खलबत्ता ठणठणायचा, आणि तो वास ओल्या धुरात मिसळून घरभर, अंगभर, वहीच्या पानांत सुद्धा बसायचा. मी भंडाऱ्याला होस्टेलला राहून शिकत होते तेव्हा रोवणी करून परत गेले की माझी रूममेट नाक दाबून म्हणायची, "ती पिशवी बाहेर ठेव बाई!" आणि दोन दिवसांनी तीच लाडात येऊन विचारायची, "उरली काय गं थोडी?"

कोणत्या दिवशी काय वाढायचं त्याचाही मायचा कायदा होता. पहिल्या दिवशी तिखट, कारण बायांचं अंग गरम झालं पाहिजे. शेवटच्या दिवशी गोड, कारण पुढच्या वर्षी त्यांनी हसत यायचं आहे. मधल्या दिवसांत जे हाताला लागेल ते. मी एकदा शहाणपणा करून पहिल्याच दिवशी रायतं टोपलीत घातलं, तर मायनं ते तिथून उचलून परत शिंक्यावर ठेवलं आणि मला म्हणाली, "तू पुस्तकं वाच. हे तुह्या कामाचं नाही."

धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, पळसाच्या पानांवर जेवण पडायचं. बायांचे हात कोपरापर्यंत चिखलाचे, नखांत माती, पाटातल्या पाण्यात दोनदा बुडवले की झाले स्वच्छ. वाकून वाकून ताठलेल्या कमरा धुऱ्याला टेकल्या की तोंडं सुटायची. कोणाच्या नवऱ्याचं घोरणं, कोणाच्या सुनेचा तोरा, कोणाच्या पोरीला पाहायला आलेला पावडर लावलेला नवरदेव. एक काकू तर जेवता जेवता त्या नवरदेवाच्या चालीची अशी नक्कल करायची की हसून हसून भात नाकात जायचा. सगळ्यांना वाटायचं माय आता रागावेल, कारण हसण्यात वेळ जातो. माय रागवायची नाही. ती भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन फिरत असायची.

मला जी रोवणी सगळ्यात जास्त आठवते ती शेवटची. पाणी येणार, पाणी येणार असं इतकी वर्षं ऐकत होतो की ऐकून ऐकून कान किटले होते. पण त्या वर्षी नव्या गावठाणातले प्लॉट वाटून झाले होते. बाबा एका सकाळी बैल सोडता सोडता सरळ म्हणाले, "औंदाचं पीक निघंन. पुढच्याचं नाही." माय घरात गेली आणि खलबत्ता घेऊन बसली.

त्या वर्षी तिनं केवढं रांधलं! शिंकी पुरेनात, तेव्हा खाटेच्या दोऱ्या सोडून नवीन शिंकी बांधली. आणि गंमत म्हणजे ती एकटीच नाही. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरातून टोपल्या जड होऊन आल्या. त्या आषाढात आम्ही पोट फुटेस्तोवर खाल्लं. बायांनी घसा बसेस्तोवर गाणी म्हटली. शेवटच्या बांधीत तर हात चालेचनात कोणाचे. लावलेली ओळ पुन्हा पाहायच्या, एखादं रोप उगाच काढून पुन्हा रोवायच्या. बाबा आधी ओरडले, "आटपा वं, आभाळ भरून राहिलं." मग स्वतःच धुऱ्यावर बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "असू दे. जेवा आरामानं." इतक्या हळू आवाजात बाबा बोललेले मी तेव्हाच ऐकले.

ते पीक निघालं. चांगलं निघालं. तांदूळ घेऊनच आम्ही नव्या गावठाणात आलो. इथले रस्ते सरळ आहेत, नळ आहे, विहार पक्का बांधलेला आहे, एसटी दारातून जाते. लोक म्हणतात तक्रारीला जागा नाही. मला आहे तक्रार. मला आमची बांधी पाहिजे. बस, एवढीच तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला कोणी नाही हेही मला कळतं. माहेरी जाताना पुलावरून पाणी दिसतं, सपाट, लांबच लांब, त्यावर मासेमारांचे डोंगे. आमच्या जुन्या गावचा एक ढिवराचा पोरगा त्या पाण्यात जाळं टाकतो. भेटला की उत्साहानं सांगतो, "ताई, तुमच्या बांधीवर मासोळी मस्त लागते!" मी हसते. काय करू? तो बिचारा आनंदाची बातमी सांगत असतो.

नव्या गावात आल्यावरही पहिली काही वर्षं माय आषाढ जवळ आला की खुला भिजवायची, सुकसी कुटायची. बांधी नाही, बाया नाहीत, आणि ही कुटते आहे. मग वाट्या भरभरून गल्लीत वाटायची. बाबा गेले आणि तेही बंद झालं. आम्हाला वाटलं, विसरली. बरं झालं, असंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी मी साहेबांपुढे अर्ज ठेवला. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "ऐन प्रवेशात सुट्टी? काय काम आहे?"

"आईकडे रोवणी आहे."

त्यांनी असं पाहिलं जणू मी सर्कशीत नोकरी लागल्याचं सांगितलं. सही मात्र केली. पवनीला उतरले तर भाऊ गाडी घेऊन उभा. गावठाणाच्या वळणावर मी त्याच्या पाठीवर चापट मारून म्हटलं, "थांब, थांब." वास आला होता. आमचं घर अजून दोन गल्ल्या लांब होतं आणि सुकसीचा वास रस्त्यात येऊन उभा होता. भाऊ म्हणाला, "सकाळपासून हेच हाय. माह्या शर्टाले पण येऊन राहिला." पण तोही नाक वर करूनच उभा होता, लबाड.

माय गॅसपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, कारण तिला खाली बसून उठता येत नाही. मागच्या अंगणात चूलही पेटवलेली. मोठा गंज, छोटा गंज, शेजारणींकडून मागून आणलेले डबे, आणि परातभर भिजलेल्या खुला. मी ती परात पाहून चमकले. खुला उन्हाशिवाय होत नाहीत. म्हणजे वांगी कापून वाळवली ती मे महिन्यात. भावानं बांधी घेतली होती पाऊस पडल्यावर.

"माय, भाऊ बांधी घेईल हे तुला उन्हाळ्यातच कसं कळलं?"

"मले कुठं कळलं? खुला टाकून ठेवल्या बस."

"कशाला पण?"

"खुला टाकून ठेवल्या तर बांधी भेटते," ती म्हणाली आणि मिरच्यांचे देठ काढू लागली. इतक्या सहजपणे म्हणाली की यात न पटण्यासारखं काय आहे हे मला क्षणभर सुचेना.

"किती बायांचं करायचं?"

"येतील तितक्याईचं."

मी भावाचं म्हणणं पुन्हा सांगून पाहिलं. माय, आता गुत्तेवाल्या बाया डबा आणतात. माय, त्या आपल्याला ओळखत पण नाहीत. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात खलबत्त्याचा दस्ता दिला. मी कुटायला बसले. थोड्या वेळानं माझ्या हाताला जुना ठेका सापडला. आम्ही दोघी किती वर्षांनी अशा एका घरात, एका कामाला लागलो होतो.

शनिवारी टेम्पो आला. बाया उतरल्या, कमरेला मेणकापडं बांधली, एकीनं पिशवीत गुंडाळलेल्या मोबाइलवर गाणी लावली, आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बांधीत घुसल्या. काय सफाईचा हात! पाहता पाहता अर्धी बांधी हिरवी झाली. त्यांची पुढारी अनुसया नावाची, चाळिशीची, आवाजानं खणखणीत. माय धुऱ्यावर छत्रीखाली खुर्चीत बसली होती, पायांशी झाकलेले गंज. तिची नजर बायांच्या हातांवर होती आणि तिची बोटं मांडीवर हलत होती. ती मनात रोवत होती, मला दिसत होतं.

दुपारी बाया बाहेर आल्या, पाटात हात धुतले आणि आपापले डबे उघडून बसल्या. माय खुर्चीचा हात धरून उठली. "बायाहो, जेवण आणलं. गरम भात हाय."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. अनुसयाच बोलली, आणि तोडून नाही, चांगल्या शब्दांत बोलली. "मावशी, आमचे डबे हायेत ना. पहाटे उठून रांधले. आता फेकावं काय?"

"नाही वं, फेकू नोका," माय लगेच म्हणाली. "अन्न हाय." आणि तिनं काढलेली झाकणं एक एक करून परत लावली. मला ते पाहवलं नाही. मला बायांचा राग आला, भावाचा आला, माझ्या स्वतःच्या आईचाही आला. भाऊ फोनवर म्हणाला होता तेच झालं होतं. तो उगाच फावडं घेऊन धुऱ्याचं तोंड बांधायला गेला, जे आधीच बांधलेलं होतं.

जेवता जेवता अनुसयानं हुंगलं. "मावशी, सुकसी केली काय?"

"हाय ना."

"वासानं जीव घेतला बाप्पा!" बाया हसल्या. मग अनुसया थोडी सरकून जवळ आली. "मावशी, राग नोका मानू. एक बोलू काय? आता पोट भरलं. पण संध्याकाळी आमच्या डब्यात भरून देसान काय? दिवसभर वाकून घरी गेलं की चूल पेटवाले हात नाही उठत. रोवणीले मी भीत नाही, संध्याकाळच्या रांधणाले भितो."

मायचा चेहरा उजळला की नाही मला सांगता येत नाही, पण ती सरळ बसली. संध्याकाळी बायांनी पाटात डबे घासले आणि खुर्चीपुढे रांग लावली. माय विचारत होती, "घरी किती जन?" आणि उत्तर ऐकून डबा पळीनं दाबून दाबून भरत होती. सुकसी वेगळ्या झाकणात, खुला खाली, वर भात. एकीचा डबा लहान पडला तर तिच्या ओच्यात वड्या घातल्या. टेम्पो गेला तेव्हा गंज जवळजवळ रिकामे होते. या बायांची चूल दिवस उगवायच्या आधी एकदा पेटते आणि मावळल्यावर पुन्हा एकदा, आणि मी फ्रिजातल्या बुधवार-गुरुवारचं कौतुक करून घेते, हे माझ्या मनात आलं.

घरी मी खुशीत होते. मायच्या गुडघ्यांना तेल चोळत म्हटलं, "झालं की नाही तुझ्या मनासारखं?"

"झालं ना. पोटं भरली असतील. लेकराईची बी."

"मग तोंड असं का?"

"मले दिसलं कुठं?" ती म्हणाली. "मले त्याईले खाताना पाहाचं होतं वं."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि तिचे पाय मांडीवर घेऊन तशीच बसले.

रविवारी सकाळी माय यायलाच तयार नव्हती. "मी कायले येऊ? डबे काय, भाऊ भरून देईन." तिनं खुर्ची पण धुऊन ठेवली होती. भावानंच तिला मनवलं. म्हणाला, "रायतं आज वाढाचं हाय. मी जर चुकून जास्त वाढलं तर मले बोलशीन." एवढ्यावर ती उठली, बरणी पोटाशी धरून गाडीवर बसली. कालच्यासारखं छत्रीखाली बसली, पण बांधीकडे पाहत नव्हती. दूर रस्त्याकडे पाहत होती.

दुपारपर्यंत शेवटची बांधी संपत आली. बाया हात धुऊन वर आल्या. माय जागची उठली नाही. बाया मात्र कालच्या जागी न बसता सरळ तिच्या खुर्चीभोवती आल्या आणि मेणकापडं अंथरून गोल करून बसल्या. अनुसयानं तिचा डबा उघडला. डब्याचं झाकण पालथं करून त्यावर तांदळाची भाकर ठेवली, बाजूला आलू-वांग्याची भाजी, आणि ते झाकण मायच्या पुढे धरलं.

"हे काय वं?"

"काल तुमच्यामुळं चूल नाही पेटवली. पोट्टे सुकसीवर तुटून पडले, माह्या नवऱ्यानं तर झाकण धुऊन पेलं. लवकर झोपली, म्हणून आज निवांत रांधलं. तुमच्या वाट्याचं घेऊनच आली. खा मावशी, आन् सांगा कशी झाली."

मग दुसरीनं तिच्या झाकणात मिरचीचं लोणचं टाकलं, तिसरीनं चुनाचा, म्हणजे पिठल्याचा, एक गोळा. माय त्या झाकणाकडे पाहत राहिली. आणि मीही पाहत राहिले, कारण मला एकाएकी आठवेना. इतक्या रोवण्या, इतक्या टोपल्या, पळसाची इतकी पानं, मायचा वाढणारा हात मला अजून बोटाबोटानं आठवतो, पण रोवणीत मायला जेवताना मी कधी पाहिलं? ती केव्हा जेवायची? कुठं बसून? काय उरलेलं असायचं? मी भावाकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

मायनं भाकरीचा तुकडा मोडला. भाजी घेतली, लोणचं लावलं, तोंडात घातलं आणि हळूहळू चावू लागली. बाया आपापले डबे तसेच ठेवून तिच्याकडे पाहत होत्या. कोणाच्याही हाताला घाई नव्हती. तिनं सगळी भाकर खाल्ली, चून खाल्लं, शेवटच्या तुकड्यानं झाकण निपटून घेतलं.

"कशी झाली मावशी?" अनुसयानं विचारलं.

"चांगली झाली," माय म्हणाली. मग जरा लाजून, रिकामं झाकण तिच्यापुढे धरून, म्हणाली, "आनखी हाय काय थोडी?"